पहिली पदवी घरची

सीईटीचे पर्सेंटाइल जाहीर झाले की जळगाव-धुळ्याच्या घराघरांत मागच्या वर्षीच्या कट-ऑफच्या याद्या मोबाइलवर उघडतात. त्या याद्यांतल्या जागांना एच, ओ, एस अशी अक्षरं जोडलेली असतात. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाच्या हद्दीतले, एस म्हणजे राज्यस्तर. चाळीसगावच्या किंवा शिरपूरच्या मुलाची होम युनिव्हर्सिटी जळगावची, म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. खानदेशात सगळे त्याला 'उमवि' म्हणतात. पुण्याच्या खासगी कॉलेजांतल्या बहुतांश जागा पुणे विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांच्या वाट्याच्या. आपल्या मुलाला उरलेल्या साधारण तीस टक्क्यांत बाकीच्या महाराष्ट्राशी झुंजायचं असतं. म्हणून खानदेशासाठी 'बाहेर' हा शब्द पुण्यापासूनच सुरू होतो.

पंचवीस वर्षांपूर्वी चर्चा इथेच संपायची. जळगाव की पुणे, फार तर नाशिक, आणि व्यापाऱ्याचं घर असेल तर सुरत. आता जेवणाच्या ताटावर परदेशाचं नाव येतं. डॉक्टरकीसाठी रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान. इंजिनिअरिंगनंतर जर्मनी, आयर्लंड, इंग्लंड, अमेरिका. हॉटेलच्या हॉलमध्ये 'मोफत सेमिनार' होतो, चौकात फलक लागतो, कुणाच्या तरी मेव्हण्याचा पोरगा तिकडे गेलेला असतो आणि त्याचा बर्फातला फोटो सगळ्या भाऊबंदकीच्या व्हॉट्सॲपवर फिरतो. मग आई विचारते, 'आपल्यालाही जमंल का?' आणि वडील काही न बोलता शेताचा हिशोब मांडू लागतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते वाचकासमोर राहील. खानदेशातल्या बहुसंख्य मुलामुलींनी पहिली पदवी इथे, घराच्या टप्प्यात घ्यावी आणि दुसरी पदवी घ्यायला जगात कुठेही जावं. सतराव्या वर्षी जाण्यात आणि बाविसाव्या वर्षी जाण्यात फार मोठा फरक आहे. तो पैशांचा आहे, शिष्यवृत्त्यांचा आहे, आणि निर्णय कोण घेतं याचाही आहे. बाविसाव्या वर्षी निर्णय मूल स्वतः घेतं. सतराव्या वर्षी तो बहुतेकदा एजंट घेतो.

*

सतराव्या वर्षी परदेशी जाणाऱ्यांत सर्वांत मोठा गट डॉक्टर व्हायला निघालेल्यांचा. त्यामागचं कारण साधं आकड्यांचं आहे. २०२४ साली नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी देशभरातून सुमारे २४ लाख मुलांनी नाव नोंदवलं आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. त्यातल्या जवळपास अर्ध्याच सरकारी. खासगी अभिमत विद्यापीठात साडेचार वर्षांची फी कोटीच्या पुढे जाते. रशियात किंवा मध्य आशियात सगळा खर्च धरून वीस ते पस्तीस लाखांत पदवी मिळते असं सांगितलं जातं. ज्या घरात कोटी नाहीत, पण वीस लाख कसेबसे उभे राहतील, त्या घराला हा आकडा आशेचा वाटला तर नवल नाही. या आईवडिलांना वेडं ठरवणाऱ्यांनी आधी त्यांच्या जागी उभं राहून बघावं.

पण त्या वीस लाखांच्या आकड्यापुढची वाट सेमिनारमध्ये कुणी नीट दाखवत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठी नियम केले. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, इंग्रजी माध्यमातला हवा आणि एकाच संस्थेत पूर्ण झालेला हवा. त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. त्या देशात तिथल्या नागरिकासारखा वैद्यकीय व्यवसाय करण्याचा परवाना मिळण्यास ती पदवी पात्र हवी. हे सगळं करून मायदेशी परतल्यावर स्क्रीनिंग परीक्षा, म्हणजे एफएमजीई, उत्तीर्ण व्हायची आणि पुन्हा इथे १२ महिन्यांची इंटर्नशिप करायची. यातली एक अट जरी चुकली, तरी हातातली पदवी इथे कामाची राहत नाही.

ती परीक्षा ३०० प्रश्नांची, उत्तीर्ण व्हायला १५० बरोबर हवेत, आणि ती वर्षातून दोनदा होते. अलीकडच्या बऱ्याचशा खेपांना बसलेल्या पाचांतला एखादाच पार झाला. कधी निकाल थोडा वर गेला, पण एकतृतीयांशाच्या खालीच राहिला. मूल सतराव्या वर्षी गेलं तर डॉक्टर म्हणून रुग्ण तपासायला लागेपर्यंत पंचविशी उलटते, तीही पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात परीक्षा निघाली तर. मधल्या काळात डॉलर महाग होत जातो आणि फी बहुधा डॉलरमध्ये असते. जे मूल इथल्या नीटमध्ये अगदी काठावर होतं, त्याच मुलाला सहा वर्षांनी, वेगळ्या देशात, वेगळ्या पद्धतीने शिकून आल्यावर याहून कठीण चाळणीतून जायचं असतं. हे गणित एजंटच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर असायला हवं. तिथे वसतिगृहात भारतीय जेवण मिळतं ही माहिती असते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा 'ऑपरेशन गंगा'तून परत आणलेल्या हजारो भारतीयांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थी होते आणि त्यांत महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतली मुलं होती. मुलं जिवंत घरी आली याचा आनंद ओसरल्यावर पुढचा प्रश्न आला तो शिक्षणाचा. संस्था बदलायची नाही या नियमामुळे ती मध्येच अडकली. आयोगाने नंतर दुसऱ्या देशात जाऊन अभ्यासक्रम पुरा करण्याची सवलत दिली, पण दोन-दोन वर्षं गेली, खर्च दुप्पट झाला. मे २०२४ मध्ये किर्गिझस्तानच्या बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला आणि भारतीय दूतावासाला मुलांनी खोलीबाहेर पडू नये अशी सूचना द्यावी लागली.

त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, रशियातल्या वेलिकी नोवगोरोद शहरात वोल्खोव नदीत जळगाव जिल्ह्यातले चार विद्यार्थी बुडाले. विशीच्या आतबाहेरची मुलं. सगळी तिथल्या राज्य विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेणारी. त्यांच्याबरोबरची एक विद्यार्थिनी वाचली. ती बातमी जिल्ह्यात ज्या रीतीने पसरली ते इथले लोक विसरलेले नाहीत. इथे विजयाच्या मिरवणुका आणि तिकडे मृतदेह परत आणण्यासाठी दूतावास, जिल्हा प्रशासन आणि कुटुंबं यांची धावपळ.

या घटनेवरून 'परदेश वाईट' असा निष्कर्ष काढणं त्या मुलांवर अन्याय करणारं होईल. गिरणेत, तापीत, आपल्या पाझर तलावांत दर उन्हाळ्यात पोरं बुडतात. या चौघांनी काही चुकीचं केलं नव्हतं. संध्याकाळी नदीवर फिरायला जाणं हा त्या वयाचा हक्कच आहे. पण त्या दिवसापासून जी गोष्ट आईबापांच्या मनात बसली ती खरी आहे. संकट आलं तर आपल्याला तिथे पोहोचता येणार नाही. पासपोर्ट नाही, भाषा नाही, कुठल्या दाराशी जावं ते ठाऊक नाही. पुण्यात पोराला डेंग्यू झाला तर बाप रात्रीची महाराष्ट्र एक्स्प्रेस धरतो. वेलिकी नोवगोरोदला कोणती गाडी जाते?

*

आता पैशांकडे येतो. खानदेशात या प्रश्नाचं खरं मूळ पैशांत आहे आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात दहा एकरांची बागायत असलेला शेतकरी कागदावर श्रीमंत माणूस आहे. जमिनीचा भाव काढला तर कोटींत जाईल. तो बँकेत मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी तीस लाखांचं कर्ज मागायला जातो आणि रिकाम्या हाताने परततो. कारण २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. कर्ज थकलं तर बँकेला शेताचा ताबा त्या कायद्याने घेता येत नाही. शेतकऱ्याचं रक्षण करण्यासाठी केलेली ही तरतूद रास्तच आहे. पण त्यामुळे मोठ्या शैक्षणिक कर्जाला बहुतेक बँका शेत तारण धरत नाहीत. बिनशेती प्लॉट, शहरातलं घर, मुदत ठेव मागतात. गावठाणातलं वडिलोपार्जित घर चार भावांच्या नावावर, त्याचे कागद अपुरे, तेही चालत नाही. जळगावच्या एखाद्या कॉलनीत प्लॉट घेऊन ठेवलेल्या नोकरदाराच्या मुलाला जे कर्ज आठवड्यात मिळतं, ते दहा एकरवाल्याला मिळत नाही.

तारणाशिवाय साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्जाला सरकारी हमीची योजना आहे. इथल्या पदवीला ती रक्कम पुरते, परदेशातल्या पदवीला फार अपुरी पडते. मग दोनच वाटा उरतात. खासगी वित्त कंपनी, जिचा व्याजदर सरकारी बँकेहून बराच चढा, किंवा एकर-दोन एकर विकणं. सुवर्णनगरी म्हणून मिरवणाऱ्या जळगावात तिसरी वाट घरातल्या सोन्याची, आणि ती बहुधा बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या सोन्याची असते. मुलगा परदेशी गेला म्हणून बहिणीचं शिक्षण बारावीवर थांबलं, अशी घरं कमी नाहीत. मुलग्याच्या परदेशी पदवीचा खर्च मोजताना हा खर्च कुणी मोजत नाही. मला तो सर्वांत जड वाटतो.

याच मुलीच्या बाजूने घरच्या विद्यापीठाकडे पाहिलं तर चित्र पार बदलतं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीची सोय आधीपासून आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. म्हणजे शिंदखेड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी शिरपूरच्या आर. सी. पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय अभियांत्रिकीत जवळजवळ बिनखर्चात इंजिनिअर होऊ शकते. तिच्यासाठी घरचं कॉलेज हाच एकमेव पर्याय असतो, आणि तो उत्तम असायला हवा. तिला पुण्याला पाठवायला घर तयार नसतं, परदेशाचं नाव तर निघतही नाही.

*

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने दक्षिणेकडे निघालं की लळिंगचा किल्ला लागतो आणि जवळच कुरणात लांडोर बंगला. ३१ जुलै १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि या बंगल्यात मुक्कामाला राहिले. दर ३१ जुलैला तिथे लोक जमतात. ज्यांच्या घरात परदेशी शिक्षणाचा विषय निघाला आहे त्यांनी बाबासाहेबांच्या आयुष्यातला हा भाग वर्षांसकट समजून घ्यावा. ते न्यूयॉर्कला गेले १९१३ मध्ये. त्याआधी १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले होते. परदेशातला खर्च घराने केला नाही, तसं करणं शक्यही नव्हतं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून १९१७ मध्ये त्यांना परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पूर्ण केली.

सयाजीराव स्वतः धुळ्याच्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले. आज त्यांच्या नावाने मराठा-कुणबी समाजासाठीच्या सारथी संस्थेची परदेशी उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. २०२३ मध्ये सुरू झाली, वर्षाला ७५ जागा, पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. राजर्षी शाहूंच्या नावाने सामाजिक न्याय विभागाची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तीही वर्षाला ७५ जणांना, तीही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. इतर मागास वर्गासाठी आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही राज्याच्या योजना आहेत. दिल्लीचा राष्ट्रीय ओव्हरसीज स्कॉलरशिपचा कार्यक्रम आहे. युरोपीय संघाची इरास्मस मुंडस, जर्मनीची डाड, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू, ब्रिटनची चेव्हनिंग. यातली जवळजवळ प्रत्येक योजना पदवी हातात असलेल्या माणसासाठी आहे. बारावी पास मुलासाठी जगात कुणी पैशांची थैली उघडून बसलेलं नाही, आणि तीन वर्षांनी त्याच मुलासाठी फी, विमान आणि राहण्याचा खर्च देणारी दहा दारं उघडतात. माझ्या मताचा मुख्य आधार हा आहे.

परदेशी जाऊन शिक्षण अर्ध्यावर सुटलं तर काय होतं, याचंही उदाहरण खानदेशातच आहे. अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्याचे मालक एम. एच. हाशम प्रेमजी ऑगस्ट १९६६ मध्ये अचानक वारले तेव्हा त्यांचा मुलगा अझीम स्टॅनफर्डला अभियांत्रिकी शिकत होता. एकवीस वर्षांचा मुलगा शिक्षण सोडून परतला आणि कारखाना हाती घेतला. राहिलेली पदवी त्यांनी तीसेक वर्षांनी पुरी केली. तोवर त्या कारखान्याची विप्रो झाली होती आणि सुरुवातीच्या काळात शेअर घेतलेल्या अमळनेरच्या साध्या घरांना त्याचं फळ मिळालं होतं. अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या मुलाच्या पाठीशी कारखाना होता. आपल्या मुलाला असंच अर्ध्यावर परतावं लागलं तर त्याच्या पाठीशी काय असेल, हे जाण्याआधी ठरलेलं असावं.

साहित्यात खानदेशाबाहेरच्या शिक्षणाची गोष्ट भालचंद्र नेमाड्यांनी १९६३ मध्येच 'कोसला'त लिहून ठेवली आहे. त्यातला पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या कॉलेजात जातो आणि पदवी न घेता गावी परततो. नेमाडे स्वतः यावल तालुक्यातल्या सांगवीचे, फर्ग्युसनला शिकलेले. त्यांनी धुळ्यातही शिकवलं आणि पुढे लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्येही. आणि पीएच.डी. घेतली ती जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची.

*

इथवर वाचून कुणी म्हणेल, घरी राहा म्हणणं सोपं आहे, पण घरी शिकायला आहे काय? हा प्रश्न मी टाळणार नाही.

आधी जे आहे ते सांगतो. १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं. तोवर इथल्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या असत. गिरणेच्या काठावर, बांभोरीजवळ, उघड्या माळावर उभं राहिलेलं हे विद्यापीठ २०१८ मध्ये बहिणाबाईंच्या नावाचं झालं. असोद्याची ही बाई कधी शाळेत गेली नाही. तिचं नाव पदवीवर छापलेलं मला फार मोलाचं वाटतं. विद्यापीठाची रासायनिक तंत्रज्ञान संस्था आणि विज्ञानाच्या प्रशाळा यांतून निघालेली मुलं देशाबाहेरच्या प्रयोगशाळांत काम करतात. जळगावचं मू. जे. महाविद्यालय स्वायत्त झालं आहे. माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील त्याच कॉलेजच्या. वैद्यकीयचं बघा. १९८९ पासून फार काळ धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय हे एकटंच शासकीय होतं. २०१८ ला जळगावला आणि २०२० ला नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तीन जिल्ह्यांत तीन सरकारी कॉलेजं. नीट पुन्हा एकदा देऊन या जागा मिळवण्याचा प्रयत्न करणं हे बिश्केकपेक्षा कितीतरी वेळा शहाणपणाचं आहे.

आता जे बिघडलेलं आहे ते. अनुदानित कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक तासागणिक मिळणाऱ्या मोबदल्यावर विभाग चालवतात. सेट-नेट, पीएच.डी. झालेला माणूस तीन कॉलेजांत तास घेऊन मोटारसायकलवर फिरतो. अकरावी-बारावीचं तर कॉलेजच उरलेलं नाही. प्रवेश एका ठिकाणी, क्लास दुसऱ्या ठिकाणी, प्रात्यक्षिकाची वही तिसऱ्याने लिहिलेली. अशा दोन वर्षांनंतर मुलाला घरचं शिक्षण कमअस्सल वाटलं आणि बाहेरचं सगळंच चकचकीत वाटलं, तर दोष मुलाचा नाही. पदवीच्या वर्गात शिक्षकच नसेल तर मी कोणत्या तोंडाने त्याला 'थांब' म्हणू?

हे असंच असायला हवं असं मात्र नाही. अमळनेरला १९१६ मध्ये श्रीमंत प्रतापशेठ यांच्या दानातून तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी भारतभरातून संशोधक येऊन राहिले. जी. आर. मलकानी तिथून तत्त्वज्ञानाचं इंग्रजी त्रैमासिक अनेक वर्षं चालवत होते. कृष्णचंद्र भट्टाचार्य, ज्यांचं नाव आधुनिक भारतीय तत्त्वज्ञानात पहिल्या रांगेत घेतलं जातं, ते बंगालहून अमळनेरला येऊन संचालक झाले. साने गुरुजी तत्त्वज्ञान शिकण्यासाठी इथे आले आणि पुढे इथल्याच शाळेत शिक्षक झाले. रेल्वेचं स्टेशन, एक कापड गिरणी आणि एका माणसाची जिद्द एवढ्यावर हे घडलं. खानदेशात शिकायला बाहेरून माणसं येत होती, त्याला शंभरेक वर्षंच झाली आहेत.

*

बाविसाव्या वर्षी निघणाऱ्यांसाठीही जग सध्या अरुंद होत आहे. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. ब्रिटनने त्याच महिन्यापासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंब बरोबर नेण्यास बंदी केली. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार जाहीर केला. 'तिकडे नोकरी लागली की दोन वर्षांत कर्ज फिटेल' या भरवशावर काढलेल्या कर्जांचा पाया यामुळे हलला आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत आजही शिक्षण शुल्क नाही, पण निघण्याआधी एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंदिस्त खात्यात दाखवावे लागतात आणि भारतीय विद्यार्थ्यांना २०२२ पासून शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. दुसरीकडे परदेशी विद्यापीठं स्वतःच इकडे येऊ लागली आहेत. नवी मुंबईत कॅम्पस काढण्यासाठी यॉर्क, ॲबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या विद्यापीठांना २०२५ मध्ये इरादापत्रं मिळाली. त्यांची फी खानदेशाला परवडेल का, हे अजून दिसायचं आहे.

तरीही जायला हवं, असं मी म्हणतो. चांगल्या विद्यापीठात, शिष्यवृत्ती किंवा झेपेल एवढं कर्ज घेऊन, आपल्या विषयातलं सर्वोत्तम शिकायला. नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीमुळे एक जुनी अडचणही कमी होते आहे. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं तीन वर्षांची बी.एस्सी. पुरेशी मानत नसत. आता मू. जे.चा किंवा धुळ्याच्या एसएसव्हीपीएसचा विद्यार्थी चौथं वर्ष संशोधनासह करून थेट अर्ज करू शकतो. आणि आदिवासी पाड्यावरची, कोरडवाहू गावातली जी मुलं पहिल्यांदाच एवढ्या लांब जातील, त्यांनी तर जावंच. सरकारी शिष्यवृत्त्यांच्या ७५ जागांत नंदुरबार-धुळे-जळगावची नावं दिसायला हवीत.

त्यासाठी आपल्या कॉलेजांना एक काम करावं लागेल आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. आज परदेशी शिक्षणाची माहिती खानदेशात फक्त विकत मिळते. ज्याला प्रत्येक प्रवेशामागे दलाली मिळते तोच सल्लागार असतो. मुलाने नीट पुन्हा द्यावी किंवा इथे बी.फार्म. करावं, असं तो कधीच सांगणार नाही. प्रत्येक महाविद्यालयात एक प्राध्यापक, आठवड्यातून एक ठरलेली दुपार, एक खोली. त्या खोलीत शिष्यवृत्त्यांच्या तारखा, आयोगाचे नियम, बँकांच्या अटी, परदेशातून शिकून आलेल्या माजी विद्यार्थ्यांचे फोन नंबर. विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट, माध्यमाचा दाखला आणि अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत एका खिडकीवर, ठरलेल्या दिवसांत द्यावी. साक्री किंवा मुक्ताईनगरहून येणाऱ्या मुलाला एका सहीसाठी तीन चकरा पडू नयेत. प्राचार्यांनी आणि उमविच्या व्यवस्थापन परिषदेने हे याच शैक्षणिक वर्षात करावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आणि घरातल्या मोठ्यांना एक सांगणं. हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा पोरं सुट्टीला घरी आलेली असतील. पोरगा शेवटच्या वर्षाला असेल तर पुढच्या हिवाळ्याच्या जर्मन प्रवेशाची आणि अमेरिकेच्या अर्जांची तयारी आत्ताच सुरू व्हायला हवी, मार्चमध्ये फार उशीर होतो. पोरगी बारावीला असेल तर तिची फी माफ होते का, ते आधी तपासा. आणि कुणी एजंट डॉक्टरकीची सीट 'पक्की' करायला टोकन मागत असेल, तर एक रुपया देण्यापूर्वी त्याच्याकडून पाच गोष्टी लेखी घ्या: अभ्यासक्रम किती महिन्यांचा, माध्यम कोणतं, इंटर्नशिप कुठे, तिथे परवाना मिळतो का, आणि त्या विद्यापीठाचे किती विद्यार्थी मागच्या तीन वर्षांत एफएमजीई उत्तीर्ण झाले. लेखी द्यायला तो तयार नसेल, तर तिथून उठून या.